पेटीला नव्हे, वहीला बक्षीस द्या

सोलापूरहून अक्कलकोटकडे निघाले की थोड्याच वेळात औद्योगिक वसाहत लागते. सगळे तिला 'एमआयडीसी' म्हणूनच ओळखतात. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांचा खडखडाट तिथे रात्रंदिवस चालू असतो. कारखान्यांच्या अधूनमधून काही भूखंड अजून मोकळे पडून आहेत. जमीन मुरमाड; पावसाळ्यात तिच्यावर गवत माजते आणि दिवाळीनंतर ते पिवळे पडते. अशा भूखंडावर थंडीच्या दिवसांत, उन्हे जरा वर आली म्हणजे, खाली वाकून पाहावे. ताटलीएवढे एक वाटोळे कडे दिसेल. हे कडे मातीचे नव्हे, तुसाचे असते. खळ्यावर ज्वारी उफणताना एका बाजूला जसा भुसा पडतो, तसाच हा भुसा. कड्याच्या मधोमध एक छिद्र असते आणि त्या छिद्राकडे मुंग्यांची एक रांग चाललेली असते. रांगेतल्या कितीतरी मुंग्यांच्या तोंडात गवताचे एकेक बी असते.

विद्यार्थी मित्रहो, या मुंग्या आपल्या साखरेच्या डब्याला लागणाऱ्या मुंग्यांपेक्षा वेगळ्या आहेत. त्या गवताचे बी गोळा करतात, सोलतात, फोलपट बाहेर टाकतात आणि दाणे जमिनीखालच्या कोठारात साठवून ठेवतात. म्हणून त्यांना आपण 'धान्य साठवणाऱ्या मुंग्या' म्हणू. आमच्या गावात मुंगीला तीन नावे आहेत. मराठी घरात ती मुंगी, तेलुगू घरात चीम आणि कन्नड घरात इरुवे. पण तिने जमिनीखाली धान्याचे कोठार केले आहे, हे मात्र यांपैकी फार थोड्या घरांना ठाऊक असते.

अशा मुंग्यांची वसाहत घरी किंवा शाळेत पाळता येते. त्याला खर्च जवळजवळ येत नाही. मग ती पाळावी का? माझे उत्तर 'पाळावी, पण' असे आहे. या 'पण'विषयीच आज मला बोलायचे आहे, कारण तो शिकण्यापूर्वी माझ्या हातून एक चूक झाली आहे.

बक्षीस मिळालेली पेटी

काही वर्षांपूर्वी एका विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून मला बोलावले होते. नववीतल्या एका मुलाने काचेची चपटी पेटी मांडली होती. दोन काचांमध्ये बोटभर अंतर, त्यात मुरूम भरलेला आणि मुरमात मुंग्यांनी कोरलेली भुयारे. एका भुयाराच्या टोकाशी बियांचा चिमूटभर साठा दिसत होता. वर सुरेख अक्षरांत पाटी होती : 'मुंग्यांचे धान्यकोठार'. मुलाचे वडील यंत्रमागावर कामाला होते. काचा त्याने एका मोडक्या कपाटाच्या काढल्या होत्या आणि चौकट स्वतः ठोकली होती. पेटीभोवती मुलांची ही गर्दी!

मी विचारले, "यात राणी कुठे आहे?"

तो म्हणाला, "राणी सापडली नाही, सर. कमरेएवढं खणलं, तरी नाही सापडली."

मी मान डोलावली आणि पुढच्या टेबलाकडे गेलो. त्या पेटीला दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीस मिळाले.

तीन आठवड्यांनी तो मुलगा रस्त्यात भेटला. मी मुंग्यांची चौकशी केली. तो म्हणाला, "मेल्या, सर. बियांना बुरशी आली." मग थोडे थांबून म्हणाला, "आणि प्लॉटवर पण आता काही नाही. नुसता खड्डा आहे."

यात त्या मुलाला दोष देण्यासारखे काही नव्हते. प्रदर्शनात जे मागितले जाते तेच त्याने कष्टाने करून आणले होते. दोष परीक्षकाचा होता. वसाहतीत कामकरी मुंग्या असतात त्या सगळ्या माद्याच. पण वसाहत चालू ठेवील अशी नवी प्रजा त्यांच्यापासून होत नाही. ते काम राणीचे. राणीवाचून वसाहत म्हणजे झाडावरून तोडलेली फांदी. ती काही दिवस हिरवी दिसते इतकेच. हे मला ठाऊक होते. तरी मी पेटी कशी दिसते ते पाहिले आणि गुण देऊन मोकळा झालो. मुलाने काय पाहिले हे मी विचारलेच नाही. त्याच्याजवळ वही आहे का, हेही विचारले नाही.

पुण्यातल्या दोन तारखा

वहीचे मोल काय असते, हे सांगण्यासाठी तुम्हांला सुमारे दोनशे वर्षे मागे, पुण्याला नेतो.

विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातला अधिकारी. दख्खनची निरनिराळी माहिती आणि आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर त्याची नेमणूक झाली होती. पशुपक्षी आणि कीटक पाहण्याचा त्याला नाद होता. आपल्याकडच्या माळावर आढळणाऱ्या चंडोलाच्या एका जातीला आजही त्याचे नाव आहे. १९ जून १८२९ रोजी सकाळी फिरायला गेला असताना पुण्याच्या कवायतीच्या मैदानाजवळ, पडीक जमिनीवर, त्याला गवताच्या बियांचे वीसाहून अधिक ढीग दिसले. प्रत्येक ढीग मूठभर. वाकून पाहतो तो शेकडो मुंग्या जमिनीखालून एकेक बी वर आणीत आहेत! पावसाळा नुकताच सुरू झाला होता. खालचा साठा भिजला होता आणि पहिली उघडीप मिळताच मुंग्यांनी तो उन्हात वाळत घातला होता.

साइक्सने लगेच एक साधा हिशेब केला. हे गवत पिकते जानेवारी-फेब्रुवारीत. मग जूनमध्ये हे बी आले कुठून? अर्थात ते चार-पाच महिने साठवलेले असले पाहिजे. त्याने तारीख टिपून ठेवली. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला, परतीचा वादळी पाऊस होऊन गेल्यावर, त्याला मुंग्यांचा हाच उद्योग पुन्हा दिसला. तीही तारीख त्याने टिपली. १८३५ मध्ये लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात त्याने या मुंगीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिच्या जातीला 'प्रॉव्हिडेन्स' असे नाव दिले. त्याचा अर्थ 'पुढचा विचार करणारी'. आज तिचे शास्त्रीय नाव फायडोल प्रॉव्हिडेन्स असे आहे. तिच्या कामकरी मुंग्यांत दोन प्रकार असतात. एक लहान, आणि दुसरा मोठ्या डोक्याचा व बळकट जबड्याचा.

या नोंदीचे महत्त्व लक्षात घ्या. मुंगी धान्य साठवते, ही गोष्ट इसापाच्या काळापासून लोक सांगत आले होते. परंतु उत्तर युरोपातल्या मुंग्या धान्य साठवीत नाहीत. तेव्हा तिथल्या विद्वानांनी आपल्या अंगणातल्या मुंग्या पाहिल्या आणि ती जुनी समजूत चुकीची ठरवून टाकली. प्राचीन लोकांनी मुंग्यांची पांढरी कोशिते पाहिली आणि त्यांनाच दाणे समजले, असे त्यांचे म्हणणे. त्या विद्वानांचे निरीक्षण खोटे नव्हते. त्यावरून सगळ्या जगाविषयी काढलेला निष्कर्ष खोटा होता. हा निष्कर्ष डळमळीत करणाऱ्या पहिल्या पुराव्यांत पुण्याच्या या दोन तारखा आहेत. पुढे १८७३ मध्ये जॉन ट्रॅहर्न मॉग्रिज याने दक्षिण फ्रान्समधल्या धान्य साठवणाऱ्या मुंग्यांवर सविस्तर पुस्तक लिहिले, तेव्हा त्यानेही साइक्सच्या या नोंदींचा आधार घेतला.

साइक्सपाशी काचेची पेटी नव्हती. होते ते दोन डोळे, वाकण्याची तयारी आणि तारीख घातलेली वही.

पेव आणि कोठार

आता पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला शोभेल असा एक प्रश्न विचारतो. गवताचे बी ओलसर मातीत पडले की रुजते. मग तेच बी जमिनीखाली कोठारात महिनोन्‌महिने न रुजता कसे राहते?

आपल्याकडे ज्वारी साठवण्यासाठी जमिनीत पेवे खणीत असत. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवण्याची पेवे प्रसिद्ध आहेत. पेव खणायला जागा निवडताना जुनी माणसे एकच गोष्ट प्रथम पाहत : तिथे पाणी मुरते की निथळते? कारण कोरडे धान्य टिकते, ओलसर धान्याला बुरशी येते किंवा मोड येतो. हरिपूरच्या कितीतरी पेवांत २००५ च्या महापुराचे पाणी शिरले आणि ती निकामी झाली. मुंगीचे कोठार हेही एक पेवच आहे, आणि जून १८२९ मध्ये साइक्सला दिसले ते पाणी शिरलेल्या पेवांवर मुंग्यांनी केलेले उपाय.

दाणा हवेतला ओलावा शोषून घेतो आणि कोरड्या हवेत सोडून देतो. शेवटी दाण्यातला ओलावा आणि भोवतालच्या हवेची सापेक्ष आर्द्रता यांचा मेळ बसतो. सापेक्ष आर्द्रता साधारणपणे ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली तर साठवलेल्या धान्यावर बुरशी वाढू लागते. उलट, मुंगीच्या अंड्यांना आणि अळ्यांना कोरडी हवा सोसत नाही. त्या सुकून जातात. म्हणजे एकाच घरात मुंगीला दमट खोलीही हवी आणि कोरडी खोलीही हवी! सोलापूरच्या मुलांना हे समजायला कठीण जाऊ नये. मागावरच्या सुताला दमटपणा लागतो, हवा कोरडी पडली की तार तुटू लागते. पण विणलेल्या चादरीचा गठ्ठा ठेवायची खोली कोरडीच असावी लागते.

मुंग्या एवढ्यावरच थांबत नाहीत. मॉग्रिजला असे आढळले की कोठारात न रुजणारे बी, मुंग्यांना तिथे जाण्यापासून रोखले, की रुजू लागते. एखाद्या बीला मोड आलाच तर मुंग्या त्याचा कोवळा अंकुर कुरतडून टाकतात आणि बी वाळवतात, हेही त्याने पाहिले. म्हणजे कोठार ही नुसती कोरडी जागा नाही. तिथे सतत राबणारे हात आहेत.

माझी स्वतःची फजिती

हे सगळे मी पुस्तकातून वाचले होते. तरीही प्रत्यक्षात काय झाले ते ऐका.

त्या प्रदर्शनानंतरच्या जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एमआयडीसीतल्या त्याच भूखंडावर गेलो. पावसाळ्याच्या आरंभी मुंग्यांच्या बिळांतून पंख असलेले नर आणि माद्या उडतात. उड्डाणानंतर नर लवकरच मरतात. मादी जमिनीवर उतरते, पंख टाकून देते आणि खणायला जागा शोधीत धावू लागते. मुंगीला पंख फुटले म्हणजे तिचे मरण जवळ आले, असे आपण म्हणतो. पुष्कळ मुंग्यांच्या बाबतीत ते खरेही आहे, कारण पक्षी, सरडे, बेडूक यांची त्या दिवशी चंगळ असते. पण जी वाचते तिचे राज्य त्याच दिवशी सुरू होते.

तशी पंख टाकलेली एक मादी मी घरी आणली. परीक्षानळीत तळाला थोडे पाणी, त्यावर घट्ट कापसाचा बोळा, मग मादी आणि तोंडाशी पुन्हा कापूस. नळी काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवली. अशा राणीला सुरुवातीला अन्न लागत नाही. उडण्याचे स्नायू आता निरुपयोगी झालेले असतात. तेच विरघळवून ती पहिल्या पिलांना पोसते. महिना-दीड महिन्याने पहिल्या चिमुकल्या कामकरी मुंग्या नळीत फिरू लागल्या. मला फार आनंद झाला.

मग मी प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे घर केले. प्लॅस्टर सच्छिद्र असते. त्याच्या एका टोकाला पाणी घातले तर केशाकर्षणाने ते दूरवर पसरते. मुंग्यांना ओलावा लागतो म्हणून मी सगळे घर भिजवले, आणि खायला राळे, नाचणी व गवताचे बी घातले. चार दिवसांत नाचणीला मोड आले. सहाव्या दिवशी बियांवर पांढरी लव दिसू लागली. पुढच्या आठवड्यात निम्म्याहून अधिक मुंग्या मेल्या. वर्गात सापेक्ष आर्द्रता शिकवणाऱ्या माणसाने कोठारात पाणी भरले होते!

उरलेल्या मुंग्या आणि राणी मी घाईघाईने परत नळीत घेतल्या. नवे घर लांबट केले आणि पाणी एकाच टोकाला घातले. एक टोक ओले, दुसरे टोक कोरडे, मधल्या भागात क्रमाक्रमाने कमी होत जाणारा ओलावा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले, तर अंडी व अळ्या ओल्या बाजूला होत्या आणि बिया कोरड्या टोकाला रचलेल्या होत्या. मी काहीच सांगितले नव्हते. मी फक्त निवडीला वाव ठेवला होता. ही तारीख माझ्या वहीत आहे. आणि त्याआधीच्या पानावर मेलेल्या मुंग्यांचीही नोंद आहे. खरे सांगतो, जास्त शिकवले ते आधीच्या पानाने.

आणखी एक सूचना. मुंग्या बाहेर पडू नयेत म्हणून घर पाण्याच्या परातीत ठेवले की झाले, असे समजू नका. साइक्सने आपल्या पुण्याच्या बंगल्यात मिठाईच्या टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले होते. तरी मोठ्या मुंगळ्यांनी मिठाई गाठली. टेबल भिंतीपासून थोडे दूर सरकवले, तर एक मुंगळा भिंतीवर टेबलाहून वर चढला आणि तिथून त्याने खाली मिठाईवर अंग टाकून दिले! या जातीला साइक्सने 'न थकणारी' अशा अर्थाचे नाव दिले. म्हणून भांड्याला झाकण हवे, झाकणाला बारीक जाळी हवी, आणि काठाला आतून टाल्कम पावडरचा पातळ थर द्यावा. त्यावर मुंगीचे पाय घसरतात.

मोजा आणि लिहा

वसाहत स्थिर झाली की खरे काम सुरू होते. मी तीन प्रयोग सुचवतो. उत्तरे सांगणार नाही.

पहिला प्रयोग. ज्वारी, बाजरी, राळे, राजगिरा आणि माळावरचे गवत यांचे मोजून दहा-दहा दाणे एका बशीत ठेवा. दर तासाने उरलेले दाणे मोजा. मुंग्या आधी काय नेतात? मोठा दाणा की सोपा दाणा? आठवडाभर एकच धान्य दिल्यावर आवड बदलते का?

दुसरा प्रयोग. मुंग्यांच्या वाटेशेजारी पट्टी ठेवा आणि एक मुंगी दहा सेंटिमीटर जायला किती सेकंद घेते ते मोजा. शेजारी तापमापी ठेवा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी असेच करा आणि आलेख काढा. हा बालिश खेळ आहे असे समजू नका. हार्लो शॅप्ली हा खगोलशास्त्रज्ञ. सूर्य आकाशगंगेच्या केंद्रात नाही, हे दाखवून देणारा. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेत रात्री तो तारे पाही आणि दिवसा आवारातल्या मुंग्यांचा वेग मोजी. १९२० साली त्याने यावर निबंध प्रसिद्ध केला. मुंगीच्या वेगावरून हवेचे तापमान एका अंशाच्या आत सांगता येते, असे त्याला आढळले. आकाशगंगा मोजणाऱ्याला मुंगी मोजण्यात कमीपणा वाटला नाही.

तिसरा प्रयोग घरी नव्हे, माळावर करायचा. बिळापासून हातभर दूर बसा. दर मिनिटाला किती मुंग्या बी घेऊन परतल्या आणि किती बाहेर निघाल्या, ते दोन रकान्यांत लिहा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डेबोरा गॉर्डन यांनी वाळवंटातल्या धान्य साठवणाऱ्या मुंग्यांवर कित्येक वर्षे हेच मोजमाप केले. बी घेऊन परतणाऱ्या मुंग्या भराभर आल्या तर बाहेर निघणाऱ्याही वाढतात. परतणे मंदावले तर निघणेही मंदावते. हुकूम देणारे कोणी नाही. संगणकशास्त्रज्ञ बालाजी प्रभाकर यांच्या साहाय्याने २०१२ साली असे दाखवण्यात आले की इंटरनेटवरच्या माहितीची वाहतूक ज्या नियमाने आवरली जाते, त्याच्याशी मुंग्यांच्या या पद्धतीचे साम्य आहे. आपल्या मुरमाड जमिनीवरच्या मुंग्याही असेच करतात का? हे तुमच्या वहीवरून ठरू द्या.

खणू नका, विकत घेऊ नका

आता त्या 'पण'कडे येतो.

बीळ खणून वसाहत आणू नका. राणी खोलवर असते; ती सहसा हाती लागत नाही. तुम्हांला मिळतात त्या मरणाला टेकलेल्या कामकरी मुंग्या, आणि मागे उरतो तो खड्डा. पाळायचीच असेल तर पावसानंतर जमिनीवर उतरलेली एकच मादी घ्या. अशा शेकडो माद्यांतून एखादीच जगते, त्यामुळे एक उचलल्याने माळ ओस पडत नाही. ज्या जागेची मुंगी, त्याच परिसरात तिचे घर असू द्या. नान्नजच्या माळढोक अभयारण्यासारख्या संरक्षित जागेतून मात्र एक मुंगीही उचलायची नाही. तिथे फक्त पाहायचे.

आणि मुंग्या विकत घेऊ नका. अलीकडे जगभर मुंग्या पाळण्याचा छंद वाढला आहे आणि छंदामागोमाग बाजार आला आहे. २०२५ साली केनियात सुमारे ५,००० राणी मुंग्या नळ्यांत भरून देशाबाहेर नेण्याच्या बेतात असलेले दोन बेल्जियन तरुण पकडले गेले. दोघेही १९ वर्षांचे होते. त्या राण्यांत आफ्रिकेतल्या एका मोठ्या धान्य साठवणाऱ्या मुंगीच्या राण्या होत्या. न्यायालयाने त्यांना दहा लाख केनियन शिलिंग दंड, किंवा न भरल्यास एक वर्षाची कैद सुनावली. या मुलांना मुंग्यांची आवड नव्हती असे कसे म्हणावे? पण जी आवड मोजायला आणि लिहायला शिकत नाही ती गोळा करायला शिकते, आणि गोळा करण्याला अंत नसतो. नववीतल्या त्या मुलाचा खड्डा आणि या पाच हजार राण्या यांत फरक आहे तो प्रमाणाचा.

शेवटची अट कालावधीची. राणी दीर्घायुषी असते. सर जॉन लबक यांनी एकोणिसाव्या शतकात काचेच्या घरात पाळलेली एक राणी मुंगी सुमारे पंधरा वर्षे जगली. म्हणजे सातवीत आणलेली राणी तुमची नोकरी लागेपर्यंत कपाटात असू शकते. एवढे निभावण्याची तयारी आहे का? नसेल, तर माळावरची मुंगी माळावरच पाहा. त्यात कमीपणा काही नाही. साइक्सने तेच केले.

शिक्षक मित्रांना

यावर शिक्षक मित्र म्हणतील, "अभ्यासक्रम पुरा करता करता नाकी नऊ येतात, मुंग्यांना वेळ कुठून आणायचा?" ही अडचण खरी आहे, मी स्वतः ती रोज अनुभवतो. पण जरा आपल्या प्रयोगवह्या उघडून पाहा. गुरुत्वत्वरणाचे मूल्य सगळ्या मुलांचे सारखेच, आणि तेही पुस्तकातल्याइतके. उत्तर आधी ठाऊक असते. वही नंतर भरली जाते. मुंगीपुढे ही सोय नाही. तिचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेले नसते. म्हणून तिथे मुलाला खोटे लिहिण्याचे कारणच उरत नाही. वर्षातून असा एक तरी प्रयोग प्रत्येक मुलाच्या वाट्याला यावा, एवढेच मी म्हणतो.

पालकांचा आक्षेप वेगळा असतो : "घरात मुंग्या होतात म्हणून आम्ही पावडर टाकतो आणि तुम्ही पाळायला सांगता!" त्यांना मी एवढेच सांगेन की झाकणबंद घरातली ही मुंगी तुमच्या डब्याला लागणार नाही. आणि मुंग्यांना कणीक-साखर घालण्यात पुण्य मानणारे आपण लोक. ती कणीक नेते कुठे, हे मुलाने पाहिले तर पुण्य कमी होणार नाही.

विज्ञान प्रदर्शन भरवणाऱ्यांपुढे माझी एक सूचना आहे. सजीव प्राण्याची पेटी मांडणाऱ्या विद्यार्थ्याला आधी वही मागावी. निदान जून ते डिसेंबर अशा तारखा वहीत असाव्यात. त्यात चुका असाव्यात, मेलेल्यांची नोंद असावी आणि उत्तर न सापडलेला एक तरी प्रश्न असावा. वही नसेल तर पेटी कितीही देखणी असो, तिला बक्षीस देऊ नये. आणि ज्याच्याजवळ पेटी नाही पण वही आहे, त्याला पहिल्या क्रमांकासाठी पात्र धरावे.

नववीतला तो मुलगा आता तंत्रनिकेतनात शिकतो आणि सुट्टीत वडिलांना मागावर मदत करतो. गेल्या हिवाळ्यात तो मुद्दाम घरी आला. सुताच्या कोनावरचा कागद त्याने घडी घालून खिशात ठेवला होता. त्यावर पेन्सिलीने लिहिले होते : खड्ड्यापासून चाळीस पावले, भिंतीलगत, तुसाचे कडे, छिद्र एक, वेळ सकाळी सव्वानऊ. खाली तारीख होती.

मी त्याला एक कोरी वही दिली. परीक्षक म्हणून मला द्यायचे होते ते बक्षीस इतक्या वर्षांनी दिले गेले.